सागरगोट्याएवढी बुरशी

कावेरीच्या हातची पत्रावळ त्या घरात चालायची, पण कावेरीच्या हातचं पाणी चालायचं नाही. हा न्याय कुठल्या ग्रंथातून काढला होता ते देव जाणे. चिकपेटच्या कापडबाजारामागच्या गल्लीत तो पाच वर्षं बिनबोभाट चालला आणि त्यात काही वावगं आहे असं घरातल्या एकालाही वाटलं नाही. वाटायचं कारणही नव्हतं. पत्रावळी फार सुबक होत होत्या.

घर होतं भीमाचार्यांचं. तीनशे वर्षांपूर्वी कुणा पूर्वजाने ह्या कानडी मुलखात येऊन बिऱ्हाड केलं, तेव्हापासूनची ही मराठी माणसं. घरात मराठी बोलायची, दारात कानडी, आणि देवघरात संस्कृत. सोवळ्याला ती मडी म्हणत. मडी म्हणजे घराचा कणाच. कोणत्या वस्तूला विटाळ होतो, कोणत्या वस्तूला होत नाही, झाला तर कशाने जातो, हे भीमाचार्यांना असं पाठ होतं की अर्ध्या झोपेतही ते निकाल देत, आणि बायका तो निमूट पाळत.

कावेरी त्यांची धाकटी सून, हयवदनची बायको. हयवदन सरकारी कचेरीत कारकून होता. माणूस सालस, पण वडिलांसमोर मूग गिळून बसणारा. लग्नानंतर दोन वर्षांनी वीणा झाली. वीणा अंगावर पीत होती तेव्हा कावेरीला खोकला लागला, संध्याकाळचा ताप येऊ लागला आणि फोटो काढल्यावर डाव्या फुफ्फुसात क्षय निघाला. साल चोपन्न. नवी इंजेक्शनं आली होती, तेवढी तिची पुण्याई. मूल सासूच्या हवाली करून ती गावाबाहेरच्या सॅनेटोरियममध्ये गेली. तिथे ती बरी होऊन बाहेर पडली तोवर वीणा धावत होती, बोलत होती, आणि आजीला आई म्हणत होती.

डॉक्टरांनी सांगितलं, रोग गेला. फुफ्फुसात वरच्या बाजूला जुन्या जखमेची एक पोकळी राहिली आहे, पण ती कोरडी आहे, तिला काही करायचं नाही. घरी जा, मुलीला कुशीत घ्या.

घरी मात्र भीमाचार्य होते. त्यांचा थोरला मुलगा ह्याच रोगाने गेला होता, इंजेक्शनं यायच्या आधी, डोळ्यांदेखत. ते दु:ख खोटं नव्हतं. म्हणूनच त्यांनी जे केलं त्याबद्दल त्यांना सरळ शिव्याही घालता येत नाहीत, आणि मला तर फार घालाव्याशा वाटतात. ते म्हणाले, “डॉक्टर आज आहेत, उद्या बदलून जातील. मला पुन्हा तो खोकला घरात फिरायला नको.” मागच्या दारी पत्रावळींची खोली होती. कावेरीची पथारी तिथे पडली. ताट वेगळं, तांब्या वेगळा. स्वयंपाकघर बंद. वीणाने उंबऱ्याच्या बाहेर उभं राहून बोलायचं, आत पाऊल टाकायचं नाही.

रिकामं कुणी बसायचं नाही असा घराचा आणखी एक नियम होता. म्हणून तिला पत्रावळी लावायचं काम मिळालं. दरसाल श्रावणात मठात गुरूंच्या आराधनेला पंक्ती उठायच्या, आणि त्या पंक्तींची पानं भीमाचार्यांच्या घरून जायची. ही सेवा त्यांच्या आजोबांपासूनची. आता कावेरीने लावलेली पानं देवाब्राह्मणांना कशी चालणार, असा प्रश्न सासूबाईंनी, म्हणजे पद्मावतीबाईंनी, एकदा भीतभीत काढला होता. भीमाचार्यांनी क्षणात निकाल दिला. सुक्या पानाला विटाळ नाही. आणि जेवणाआधी पानावर पाणी शिंपडतोच आपण, की ते शुद्धच झालं. झालं, प्रश्न मिटला.

परसू नावाचा पानवाला मागडीकडच्या रानातून पळसाच्या पानांचे भारे घेऊन यायचा. वाळकं पान लावायला गेलं की तडकतं. म्हणून त्यावर पाणी मारायचं, ओल्या गोणपाटात गुंडाळायचं, वर जुना पाटा ठेवायचा आणि मऊ पडू द्यायचं. मग एकावर एक पान ठेवून हिराच्या काडीने टाचायचं. एखाद्या दिवसात काम उरकलं तर ठीक. पावसाळ्यात भारे पडून राहिले की पानांवर करडी-हिरवी बुरशी धरायची. बुरशीचं पान टाकून द्यायचं ही चैन त्या घरात नव्हती. फडक्याने पुसायचं, झटकायचं, लावायचं. झटकलं की धुरासारखी भुकटी उडायची आणि खिडकी नसलेल्या त्या खोलीत तरंगत राहायची. कावेरी त्यातच बसायची, त्यातच झोपायची. डोळे चुरचुरायचे म्हणून पदर डोळ्यांना लावायची. नाकाला लावावा हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तिचं सगळं लक्ष उंबऱ्याकडे असायचं. शाळेतून आली की वीणा बाहेरच्या बाजूला फतकल मारून बसायची आणि दोघी सागरगोटे खेळायच्या. खेळ त्यांनी स्वतःच बसवला होता. वीणा सागरगोटा घरंगळत आत सोडायची, कावेरीने तो झेलून परत घरंगळत बाहेर सोडायचा. गोटा उंबऱ्यावर अडायचा म्हणून कावेरीने उंबऱ्याच्या कडेची एक खाच हिराच्या काडीने कोरून कोरून रुंद केली होती. गोटा नेमका त्या खाचेतून गेला की वीणा टाळ्या पिटायची. लेकीचा हात म्हणून कावेरीला ठाऊक होता तो एवढाच, गोट्याला लागलेली ऊब. त्यावर ती दिवस काढत होती.

एकसष्टच्या पावसाळ्यात पानं झटकता झटकता तिला ठसका लागला आणि हातातल्या पानावर रक्त पडलं. थुंकीत मिसळलेलं नव्हे, लालभडक, ओंजळभर.

घराची पाचावर धारण बसली. भीमाचार्य ओट्यावरून उठले ते थेट देवघरात गेले. क्षय उलटला, यात कुणाला शंका म्हणून नव्हती. गल्लीतल्या डॉक्टरांनाही नव्हती. त्यांनी फोटोत जुन्या जागी डाग पाहिला आणि इंजेक्शनं सुरू केली. ढुंगण चाळणीसारखं झालं, कान गुणगुणू लागले, पण रक्त काही थांबेना. पंधरवडा बरा जायचा, वाटायचं सुटलो, की पुन्हा एक दिवस तोंड भरून यायचं. थुंकी तपासली तर त्यात क्षयाचा जंतू सापडत नव्हता. पुन्हा तपासली, पुन्हा नाही. डॉक्टर म्हणाले, लपला असेल.

आणि मग पद्मावतीबाई उंबऱ्याशी येऊन, पदराशी चाळा करत म्हणाल्या, “वीणाला हुबळीला पाठवायचं ठरतंय, कमलाकडे. आराधना झाली की ते स्वतः पोचवून येणार. तिकडे शाळा चांगली आहे म्हणतात.”

कमला म्हणजे हयवदनची बहीण. तिला मूलबाळ नव्हतं. कावेरीला समजायला वेळ लागला नाही. हुबळीला गेलेली पोर मे महिन्याच्या सुट्टीला येईल, पुढे तेही होणार नाही, आणि तिला आई कोण म्हणून विचारलं तर ती कमलाकडे बोट दाखवेल. मरणाची भीती तिला सॅनेटोरियममध्येच वाटून संपली होती. ही भीती नवी होती. त्या दिवशी ती रडली नाही. तिने हयवदनला बोलावून घेतलं आणि म्हणाली, “मला मोठ्या दवाखान्यात दाखवा. उद्याच. नाहीतर मी एकटी चालत जाईन आणि वाटेत रक्त ओकेन. मग लोक विचारतील, ही कुणाची सून.”

हयवदनने रजा टाकली. त्या माणसाने वडिलांना न विचारता केलेलं ते पहिलं काम.

मोठ्या दवाखान्यात छातीच्या विभागात नुकतेच पुण्याहून आलेले डॉ. नंदकिशोर साठये होते. तरुण, उंच, बोलायला तडतडे. मराठी रोगी आला म्हणून त्यांना कोण आनंद झाला, पण कावेरीचं मराठी ऐकून ते गोंधळले.

“स्वल्प खोकला, अण्णा. तितकाच. रक्त मात्र जास्ती,” ती म्हणाली.

“स्वल्प म्हणजे थोडा ना? बरं. आणि मी अण्णा नाही हो, मी तुमच्यापेक्षा लहान असेन.”

“सरी, बरं. मग तमण्णा म्हणू? धाकट्या भावाला आम्ही तमण्णा म्हणतो.”

साठये हसले, पण फोटो उजेडासमोर धरला तेव्हा हसणं थांबलं. ते पुष्कळ वेळ बघत राहिले. मग त्यांनी तिला पुन्हा आत नेलं, डाव्या कुशीवर निजवून एक फोटो काढायला लावला, मग उजव्या कुशीवर निजवून दुसरा. ओले फोटो वाळल्यावर त्यांनी दोघांना जवळ बोलावलं.

“हे पाहा. ही तुमची जुनी पोकळी. तिच्यात हा गोल डाग, आणि त्याच्या वर ही चंद्रकोरीसारखी फट, ती हवा आहे. क्षयाचा डाग जागचा हलत नाही. हा हलतोय. तुम्ही कूस बदलली की हा पोकळीत घरंगळतोय.”

“घरंगळतोय?” कावेरीने विचारलं.

“हो. आत एक गोळी आहे, बुरशीची. क्षय बरा झाला, घर रिकामं राहिलं, आणि त्यात बुरशीने बिऱ्हाड केलं. फार क्वचित होतं. मी स्वतः आजवर पुस्तकातच वाचलं होतं. ही गोळी पोकळीच्या भिंतीला घासते आणि तिथल्या शिरा फुटतात. तुम्हाला क्षय नाहीये बाई. तुमचा क्षय केव्हाच बरा झालाय.”

कावेरी त्या डागाकडे बघत राहिली. “केवढी आहे?”

“असेल सागरगोट्याएवढी.”

मग साठयेंनी ती कुठे राहते, काय करते ते विचारलं. पानांचं ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला, पण लगेच सावरून म्हणाले, “त्या पानांतूनच आली असं मी छातीठोक सांगू शकत नाही. ही बुरशी हवेत सगळीकडे असते, आपण सगळेच ती ओढतो. तुमच्याकडे तिला राहायला जागा होती, एवढंच. पण त्या खोलीत आता एक दिवस राहायचं नाही. पानांना हात लावायचा नाही.”

“आणि औषध?”

“ह्या गोळीपर्यंत पोचेल असं औषध माझ्याकडे नाही. फुफ्फुसाचा तेवढा भाग कापून काढावा लागेल. धोका आहे, तो मी लपवत नाही. नाही काढला तर एखाद्या दिवशी असं रक्त येईल की ते थांबवता येणार नाही.”

कावेरीने फक्त एक विचारलं. “हे दुसऱ्याला लागतं का? लेकराला?”

“मुळीच नाही.”

परतताना बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. नवऱ्याला वाटलं ती घाबरली आहे. ती मनातल्या मनात भांडणाची तयारी करत होती.

घरी भीमाचार्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. गोळी फिरते म्हणे! कालचा पोर डॉक्टर, त्याला कुणावर तरी चाकू चालवून पाहायचाय. एकाने क्षय म्हणायचं, दुसऱ्याने बुरशी म्हणायचं, आणि आपण घरच्या सुनेची छाती फाडून द्यायची? क्षय तो क्षय. मुलगी हुबळीला जाईल. विषय संपला.

श्रावण तोंडावर आला. परसूने भारे आणून मागच्या दारी टाकले. एरवी त्याची पाठ वळायच्या आत कावेरी पाणी मारायला बसायची. यंदा तिने भारे अंगणातच राहू दिले, आपली पथारी उचलून पडवीत आणली आणि भिंतीला टेकून स्वस्थ बसली.

पद्मावतीबाई येऊन बघून गेल्या. पुन्हा आल्या. “काय गं, पानं भिजवली नाहीस?”

“नाही, आत्याबाई.”

“अंगात कणकण आहे का?”

“नाही. पानं मी लावणार नाही.”

असलं उत्तर त्या घराने ऐकलं नव्हतं. थोड्या वेळाने भीमाचार्य स्वतः आले. पडवीपासून चार हात दूर उभे राहिले.

“आराधना जवळ आली. पानं लावणार नाहीस तर मठात काय सांगू मी?”

“खरं ते सांगा की, मामंजी. सुनेचा क्षय उलटलाय म्हणून सांगा.”

“हं.”

“आणि गेल्या पाच आराधनांची पानं तिनंच लावली होती, तेही सांगा.”

भीमाचार्यांच्या भुवया वर चढल्या. “सुक्या पानाला दोष नाही. शिवाय पाणी शिंपडतात त्यावर.”

“क्षयाला मडी समजत नाही, मामंजी. तो श्वासातनं जातो, थुंकीतनं जातो. मी पाच वर्षं त्या पानांवर वाकून खोकत होते. माझ्या अंगात क्षय असेल, तर तो तुम्ही गावाला वाढलात, गुरूंच्या नावानं वाढलात. आणि शिंपडलेल्या पाण्यानं तो धुऊन जातो म्हणत असाल, तर मी आत्ता तोंड धुऊन येते. वीणाला माझ्या मांडीवर बसवा.”

पद्मावतीबाईंनी तोंडावर पदर घेतला होता. वीणा खांबाआड उभी राहून सगळं ऐकत होती.

“यातलं एक काहीतरी निवडा,” कावेरी म्हणाली. “मला क्षय असेल तर मी उद्या मठात जाते आणि पायरीवर उभी राहून पानांचं सांगते. नसेल, तर नाही म्हणून सांगा, तुमच्या तोंडानं, सगळ्यांच्या देखत. मग वीणा हुबळीला जाणार नाही, आणि हे माझ्या ऑपरेशनला सही करतील.”

“ही धमकी झाली, कावेरी.”

“होय की.”

म्हातारा वळला आणि आत गेला. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी भीमाचार्यांनी काय केलं ते हयवदनने तिला नंतर सांगितलं. अंगावर उपरणं घेतलं, मुलाला बरोबर घेतलं आणि ते साठयेंच्या दवाखान्यात जाऊन बाकावर रोग्यांच्या रांगेत बसले. कुणाचा धक्का लागतो, कुणाचा पदर लागतो, त्याची शुद्ध त्यांना नव्हती. नंबर आल्यावर साठयेंनी त्यांना फोटो दाखवले, थुंकीत कधीच जंतू सापडला नाही ते सांगितलं. म्हाताऱ्याचं फोटोत लक्ष नव्हतं. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“मूल तिच्याजवळ गेलं तर चालेल?”

“आचार्य, मूल पाच वर्षांपूर्वीच गेलं असतं तरी चाललं असतं,” साठये म्हणाले.

भीमाचार्यांनी उपरण्याने डोळे पुसले. थोरल्या मुलाचं नाव घेतलं, एवढंच. मग घरी येऊन ते ओट्यावर उभे राहिले आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “आमच्या सुनेला क्षय नाही. फुफ्फुसात बुरशी आहे. ती काढायचीय. वीणा कुठंही जाणार नाही.” शेजारचा सराफ दुकानातून डोकावून बघू लागला.

यंदाची पानं बाजारातून तयार आणली गेली. ती कुणाच्या हातची होती, हे मात्र कुणीही विचारलं नाही.

त्याच संध्याकाळी वीणाला सांगण्यात आलं की आईजवळ जायला आता हरकत नाही. वीणा आली. पडवीच्या पायरीपाशी आली आणि थांबली. पायरीवर काहीच नव्हतं, कुणी अडवत नव्हतं, तरी तिचा पाय पुढे पडेना. हाक मारून, ओढून घेण्यातली कावेरी नव्हती. कोणत्याही क्षणी रक्त यायचं, आणि लेकीने पहिल्यांदा कुशीत यावं ते नेमकं त्याच वेळी, असं तिला नको होतं. “राहू दे,” ती म्हणाली. “मी बरी होऊन आले की ये.”

“ती गोळी एवढी आहे?” वीणाने मूठ उघडून सागरगोटा दाखवला.

“तेवढीच.”

वीणाने तो तिच्याकडे घरंगळत सोडला. “हा घेऊन जा. डॉक्टरला दाखव, म्हणजे त्याला बरोबर सापडेल.”

ऑपरेशनला रक्त लागणार होतं. हयवदनचं रक्त जुळलं. सुई बघितली तरी घेरी येणारा हा माणूस बाही सरसावून आडवा झाला, डोळे गच्च मिटले आणि म्हणाला, “लागेल तितकं घ्या.” मग त्याला खरंच घेरी आली, पण तोवर बाटली भरली होती. दहा वर्षांच्या संसारात कावेरीला नवऱ्याचा अभिमान वाटला तो तेव्हा.

गोळी निघाली. करडी, चुरचुरीत, ओल्या मातीसारखी दिसणारी. साठयेंनी ती बरणीत घालून ठेवली आणि येईल त्याला दाखवू लागले. पण दुखणं एवढ्यावर सुटलं नाही. कापलेल्या जागेतून हवा गळत राहिली. छातीत घातलेली नळी खाटेखालच्या बाटलीत सोडली होती, आणि प्रत्येक श्वासाबरोबर बाटलीतल्या पाण्यात बुडबुडे यायचे. राहिलेलं फुफ्फुस फुगून ती जागा भरत नाही तोवर बुडबुडे थांबणार नव्हते. आणि जागा रिकामी राहिली तर बुरशी पुन्हा तिथेच बिऱ्हाड करणार, हे साठयेंनी तोंडाने सांगितलं नाही, तरी तिला कळलं. रिकाम्या जागेत काय होतं ते तिने भोगलं होतं.

फुफ्फुस फुगवायचा उपाय साधा होता. नळीने जोडलेल्या दोन बाटल्या, एकीत रंगीत पाणी. फुंकून फुंकून एका बाटलीतलं पाणी दुसऱ्या बाटलीत ढकलायचं, मग ह्या बाजूने परत. दुसरे रोगी दोनदा फुंकून आडवे व्हायचे. कावेरी फुंकायची. टाके ओढायचे, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, घामाने चोळी भिजायची, ती फुंकायची. नर्स ओरडायची, “साकु अम्मा, पुरे.” ती बाटली खाली ठेवायची आणि नर्सची पाठ वळली की पुन्हा उचलायची. उशीखाली सागरगोटा होता. दम संपला की तो मुठीत धरून बसायची, आणि दम आला की पुन्हा फुंकायची. साठये एकदा चिडून म्हणाले, “अक्का, टाके उसवतील!” ती म्हणाली, “तुम्ही शिवा की पुन्हा, तमण्णा. मी फुंकते.”

हळूहळू बुडबुडे कमी झाले. मग फक्त खोकल्यावर येऊ लागले. मग एका सकाळी साठयेंनी तिला जोरात खोकायला लावलं आणि पाणी ढिम्म हललं नाही. ते खाटेजवळ उकिडवे बसून बाटलीकडे बघत राहिले. तीही बघत राहिली. आणि मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती ढसाढसा रडली, कारण आता रडण्यात दम घालवला तरी चालण्यासारखं होतं.

घरी आली तेव्हा डावा खांदा जरा उतरला होता आणि चार पावलं चाललं की थांबावं लागत होतं. पत्रावळींची खोली धुऊन, चुना मारून रिकामी केली होती, वरची कौलं काढून तिथे काच बसवली होती. हे भीमाचार्यांनी केलं होतं, आणि त्याबद्दल ते कुणाशी बोलत नव्हते. कावेरीची पथारी माजघरात घातली होती. पद्मावतीबाईंनी तिच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला, मग तिच्याच हातून पाणी मागून प्यायल्या.

वीणा शाळेतून आली. दप्तर टाकलं, धावत आली, आणि माजघराच्या उंबऱ्याशी गाडी थांबावी तशी थांबली. तिथेच फतकल मारून बसली. आजवर तिला आई म्हणजे उंबऱ्यापलीकडची, एवढंच शिकवलेलं होतं, आणि शिकवलेलं ती विसरली नव्हती.

“माझा गोटा आणलास?”

कावेरीने कनवटीचा सागरगोटा काढला. घरंगळत सोडायला हात खाली नेला, आणि नेलेला हात तिने परत वर घेतला. गोटा तळहातावर ठेवून हात पुढे केला.

“ये, घे.”

वीणाने उंबऱ्याकडे पाहिलं, मग मागे वळून ओट्याकडे, जिथे आजोबा पाठमोरे बसले होते. आजोबांनी वळून पाहिलं नाही, पण त्यांची जपमाळ थांबलेली होती. कावेरीने हात तसाच धरला होता. डावीकडचे टाके ओढत होते, तरी तिने तो खाली घेतला नाही. बाटल्या फुंकून फुंकून तिला एक समजलं होतं, की आणखी थोडा वेळ धरता येतं.

वीणाने एक पाय आत टाकला. मग दुसरा. जवळ येऊन तिने गोटा उचलला, पण तिची बोटं तिथेच राहिली. ती आईच्या तळहातावरून फिरली, बोटांच्या पेरांवरून फिरली, जिथे हिराच्या काड्या रुतून रुतून घट्टे पडले होते.

“आई, तुझा हात असा खरखरीत आहे?” ती नवलाने म्हणाली. “मला माहीतच नव्हतं.”